परिषदेचा कार्यक्रम नेमका कोणी ठरवायचा?

दिवाळी उरकली की बडोद्यात परिषदांचा हंगाम सुरू होतो. विद्यापीठाच्या फाटकावर फलक लागतात, पाहुण्यांना आणायला स्टेशनवर माणसे जातात, आणि कार्यक्रमपत्रिका हातात पडली की दरवर्षीच्या त्याच तक्रारी ऐकू येतात. व्यासपीठावर तेच चार वक्ते. ऐकायची होती ती दोन्ही व्याख्याने एकाच वेळी, वेगवेगळ्या सभागृहांत. पीएचडी करणाऱ्या मुलीला बोलायला मिळाली ती जेवणानंतरची, पेंगुळलेल्या श्रोत्यांसमोरची दहा मिनिटे.

त्यात गेली काही वर्षे भारतीय विज्ञान काँग्रेसचे नाव बातम्यांत आहे. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला १०८ वे अधिवेशन झाले, त्याच वर्षी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने निधीचा हात काढून घेतला आणि जानेवारी २०२४ चे ठरलेले अधिवेशन पुढे ढकलावे लागले. मोठ्या संस्था एका केंद्रावर किती अवलंबून असतात यावर तेव्हा बरेच बोलले गेले. छोट्या-मोठ्या विज्ञान संस्थांच्या सर्वसाधारण सभांतही हल्ली सूचना येते, ‘कार्यक्रमाचे विकेंद्रीकरण करा.’ हात वर होतात, ठराव मंजूर होतो. पण सोमवारी सकाळी कार्यवाहांनी नक्की करायचे काय?

सध्या कसे ठरते?

चार शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. संशोधक आपल्या कामाचा दोन-अडीचशे शब्दांचा गोषवारा पाठवतो, तो सारांश. एका विषयावरच्या व्याख्यानांचा सलग गट म्हणजे सत्र. एकाच वेळी वेगवेगळ्या सभागृहांत चालतात ती समांतर सत्रे. आणि सत्र सुचवणारा, त्याची जुळणी करणारा, तो संयोजक.

बहुतेक संस्थांत सात ते दहा जणांची कार्यक्रम समिती असते. सारांश मागवणे, वाचणे, निवडणे, सत्रांत बसवणे, प्रमुख वक्ते बोलावणे हे सगळे तिच्याकडे. शंभर-सव्वाशे सारांश येतात तोवर ही पद्धत उत्तम चालते, ती मोडण्याचे काही कारण नाही. अडचण चारशेच्या पुढे सुरू होते. प्रत्येक सारांश तिघांनी वाचायचा आणि एका वाचनाला पंधरा मिनिटे द्यायची म्हटले, तर ४२० सारांशांची १,२६० वाचने होतात, म्हणजे ३१५ तास. नऊ जणांच्या समितीत प्रत्येकाच्या वाट्याला १४० सारांश आणि ३५ तास येतात. शिकवणे, पेपर तपासणे सांभाळून एवढे कोणी वाचत नाही. मग शीर्षक आणि मार्गदर्शकाचे नाव बघून निकाल लागतो. ‘तेच ते लोक’ दिसतात त्यामागे दरवेळी कारस्थान असतेच असे नाही, बऱ्याचदा नुसता थकवा असतो.

मग विकेंद्रीकरण म्हणजे समिती बरखास्त करायची का?

नाही, आणि गैरसमज होतो तो इथेच. आपल्याकडच्या नवरात्रीचे उदाहरण घ्या. मोठ्या मैदानावरच्या गरब्याचे सगळे एकच मंडळ ठरवते, गायकापासून पासच्या किमतीपर्यंत. शेरीतला, म्हणजे गल्लीतला गरबा शेरीवाले ठरवतात. तरीही लाउडस्पीकर किती वाजता बंद व्हायचा, रुग्णवाहिकेला वाट कुठून ठेवायची, हे शेरीच्या हातात नसते. ते सगळ्या शहराला सारखे. परिषदेतही तसेच. कोणते विषय घ्यायचे, कोणाला बोलवायचे, कोणाचे काम व्यासपीठावर यावे, हे त्या विषयातल्या माणसांनी ठरवावे. सभागृहे, वेळ, वाटपाचा नियम, पैसा आणि शेवटची जबाबदारी मात्र केंद्राकडे, म्हणजे संस्थेच्या कार्यकारिणीकडे आणि मध्यवर्ती समितीकडेच राहते.

जबाबदारीचा मुद्दा कायद्याचाही आहे. गुजरातेत आणि महाराष्ट्रात अशा संस्थांची नोंदणी सहसा सोसायटी म्हणूनही असते आणि सार्वजनिक न्यास म्हणूनही. हिशेबात किंवा व्यासपीठावर काही गडबड झाली तर उत्तर कार्यकारिणीला द्यावे लागते, सत्राच्या संयोजकाला नव्हे. म्हणून अंतिम कार्यक्रमावर कार्यकारिणीची सही हवीच. कार्यक्रमाची कार्यपद्धती मूळ घटनेत घालू नये असे आमचे मत आहे. कार्यकारिणीच्या ठरावाने केलेली नियमावली पुरे. घटनेत शिरलेली चूक दुरुस्त करायला पुढे गणपूर्तीच्या मागे धावावे लागते.

विभाग तर पूर्वीपासून आहेत, यात नवे काय?

प्रश्न रास्त आहे. विज्ञान काँग्रेस १९१४ साली कलकत्त्यात पहिल्यांदा भरली तेव्हाच तिचे सहा विभाग होते: वनस्पतिशास्त्र, रसायन, मानववंशवर्णन, भूगर्भशास्त्र, भौतिकी आणि प्राणिशास्त्र. तिथे प्रत्येक विभागाला स्वतंत्र अध्यक्ष आणि रेकॉर्डर, म्हणजे विभागाचा कार्यवाह, असण्याची पद्धत आहे. हीच काँग्रेस बडोद्यात तीनदा भरली, १९४२ मध्ये डी. एन. वाडिया यांच्या, १९५५ मध्ये एस. के. मित्र यांच्या आणि १९९२ मध्ये वसंत गोवारीकर यांच्या अध्यक्षतेखाली. त्याआधी १९३३ मध्ये अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे सातवे अधिवेशनही इथेच झाले. तिचीही रचना विभागवार.

पण विभाग ही कायमची खोली आहे. तिच्या भिंती एकदा उभ्या राहिल्या की पंचवीस वर्षे हलत नाहीत, आणि विषय तर दर पाच वर्षांनी बदलतात. विश्वामित्री नदीतल्या मगरी आणि शहरी पूर या विषयावर कोणी बोलायचे म्हटले तर ते प्राणिशास्त्रात टाकायचे की जलशास्त्रात की नगररचनेत? विभागवार रचनेत असे काम दोन दारांवरून परत पाठवले जाते. शिवाय विभागाचे अधिकार बरेचदा ‘आलेले निबंध लावून घ्या’ एवढेच असतात.

खऱ्या विकेंद्रीकरणात सत्र कोणते हवे, हे सभासद सुचवतो. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची व्हिएन्नात भरणारी वार्षिक सभा याचे ठळक उदाहरण. तिथे सत्रे सुचवण्याचे जाहीर आवाहन निघते, सुचवणारेच संयोजक होतात, आपल्या सत्राकडे आलेले सारांश तेच पाहतात. वरचे विषयगट फक्त सारखी सत्रे एकत्र करतात आणि वेळ बसवतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या मार्चमधल्या सभेने मधला मार्ग धरला आहे. आमंत्रित व्याख्यानांची सत्रे तिथल्या विषयशाखा सुचवतात, बाकीचे निबंध विषयवार चाळून लावले जातात. त्यांची एक युक्ती आपण बिनदिक्कत उचलावी अशी आहे. साध्या निबंधाला प्रश्नांसकट १२ मिनिटे आणि आमंत्रित व्याख्यानाला ३६, म्हणजे बरोबर तिप्पट. त्यामुळे एका सभागृहातून दुसऱ्यात जाणाऱ्या श्रोत्याला सहसा अर्धवट भाषणात घुसावे लागत नाही.

आधी मोजा: वाटायला आहे तरी किती?

तीन दिवस, पाच सभागृहे आणि दिवसाला दीड-दीड तासाचे चार तुकडे असतील, तर कागदावर ६० सत्रे होतात. आता वजाबाकी. रोज सकाळचा पहिला तुकडा उद्घाटन किंवा सर्वांसाठीच्या व्याख्यानाला जातो, तेव्हा बाकी सभागृहे रिकामी ठेवायची: १५ गेली. पहिल्या दोन दिवसांचा शेवटचा तुकडा पोस्टरसाठी, म्हणजे आपले काम तक्त्यावर लावून त्याच्यापुढे उभे राहून समजावण्यासाठी: १० गेली. तिसऱ्या दिवशी शेवटी सर्वसाधारण सभा: ५ गेली. उरली ३०. पंधरा मिनिटांचे एक व्याख्यान, बारा बोलायला आणि तीन प्रश्नांना, असे धरले तर सत्रात सहा. म्हणजे १८० जण बोलू शकतात. सारांश ४२० आले असतील, तर उरलेल्या २४० जणांना पोस्टर द्यायचे किंवा नकार कळवायचा.

हा आकडा आवाहनाच्या पत्रकातच छापावा. तो लपवला की पुढचे सगळे भांडण ‘आमच्यावर अन्याय झाला’ या भाषेत होते.

पोस्टरच्या वेळी समांतर सत्र ठेवायचा मोह टाळायलाच हवा. तसे केले की पोस्टरपुढे फक्त पोस्टरवालेच उभे राहतात, आणि पोस्टर म्हणजे दुय्यम हा समज पक्का होतो.

३० सत्रे कोणाला किती?

सगळ्यांत जास्त वादावादी इथे होते, म्हणून हा हिशेब सावकाश पाहू.

पहिली गोष्ट, ३० पैकी सहा सत्रे बाजूला काढून ठेवा. ती कुठल्याच विभागाची नाहीत; दोन विभागांच्या सीमेवरच्या आणि अगदी नव्या विषयांसाठी ती राखीव. उरलेल्या २४ चे वाटप नियमाने करायचे. समजा पाच विषयगटांकडे असे सारांश आले: भौतिकी १५०, रसायन १२०, जीवशास्त्र ९०, भूविज्ञान ४०, गणित २०. एकूण ४२०, म्हणजे दर साडेसतरा सारांशांमागे एक सत्र. भागाकार केला की भौतिकीला ८.५७, रसायनाला ६.८६, जीवशास्त्राला ५.१४, भूविज्ञानाला २.२९ आणि गणिताला १.१४ सत्रे येतात. पूर्णांक देऊन टाकले तर ८, ६, ५, २, १ मिळून २२ होतात. दोन उरतात, ती ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना, म्हणजे एक रसायनाला आणि एक भौतिकीला. शेवटी ९, ७, ५, २, १.

सोपे वाटते, पण यात एक खोडी आहे. आयत्या वेळी एखादे सभागृह जास्तीचे मिळाले आणि हाच हिशेब पुन्हा मांडला, तर एकूण सत्रे वाढूनही एखाद्या गटाचे सत्र कमी होऊ शकते. गंमत नव्हे. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहाच्या जागांचा हिशेब करताना हे लक्षात आले: एकूण २९९ जागा धरल्या तर अलाबामा राज्याला आठ मिळत होत्या, आणि ३०० धरल्या तर सात! म्हणून दोन उपाय आहेत. एक तर वाटप एकदाच करायचे आणि नंतर मिळालेली जागा थेट राखीव खात्यात टाकायची. नाहीतर पद्धत बदलायची: प्रत्येक गटाच्या सारांशसंख्येला १, ३, ५, ७ असे विषम आकड्यांनी भागत जायचे आणि सगळ्या भागाकारांतले सर्वांत मोठे २४ निवडायचे. ज्या गटाचे जितके भागाकार निवडले गेले तितकी त्याची सत्रे. वरच्या आकड्यांवर ही पद्धत लावली तरी उत्तर ९, ७, ५, २, १ असेच येते, पण जागा वाढल्यावर कोणाचे कमी होण्याची भीती राहत नाही. आमची पसंती हिलाच.

नुसत्या सारांशांच्या संख्येवर वाटप ठेवले तर ती संख्या फुगवली जाणार, हेही ओळखून असावे. एकच काम तीन तुकडे करून तीन विद्यार्थ्यांच्या नावे पाठवले जाते. त्याला आळा घालायला एका व्यक्तीला सादरकर्ता म्हणून एकच सारांश असा नियम लागतो, आणि वाटपाचे निम्मे वजन मागच्या तीन वर्षांत त्या गटाच्या सत्रांना प्रत्यक्ष किती माणसे बसली त्यावर ठेवावे. त्यासाठी सभागृहातल्या स्वयंसेवकाने प्रत्येक सत्रात एकदा, सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने, डोकी मोजायची. एवढे साधे काम, पण बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. मग पुढच्या वर्षी वाद घालायला सगळे तयार आणि आकडा कोणाकडेच नाही.

परीक्षण वाटले तर दर्जा घसरणार नाही का?

सत्तर परीक्षक मिळाले तर त्याच १,२६० वाचनांतली प्रत्येकाकडे अठरा येतात, म्हणजे साडेचार तास. एका रविवारी होण्यासारखे काम. दर्जा वाचनावर ठरतो, आणि अठरा सारांश माणूस खरोखर वाचतो.

आता दुसरी बाजू. मध्यवर्ती समितीचा निकाल अचूक असतो, ही समजूतही फार ताणू नये. संगणकशास्त्रातल्या निप्स या नामांकित परिषदेने २०१४ साली एक प्रयोग केला. १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. त्यांतल्या ४३ निबंधांवर, म्हणजे चारातल्या एकावर, दोघींचे निकाल वेगळे आले. परिषदेने त्या वर्षी मुळात चौथ्या हिश्श्याहून कमी निबंध स्वीकारले हे ध्यानात घेतले, तर एका समितीने घेतलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. वरचे उत्कृष्ट आणि तळचे टाकाऊ यांवर फारसा वाद होत नाही. मधल्या ढिगात नशिबाचा भाग मोठा असतो. मग त्या ढिगात निवडताना तज्ज्ञांचे नाव पुढे करून वाद मिटवण्यापेक्षा निकष आधी जाहीर करणे बरे: प्रश्न स्पष्ट आहे का, पद्धत सांगितली आहे का, निष्कर्ष हातात आहे की ‘सादर केला जाईल’ असे आश्वासन आहे. तीन निकष, प्रत्येकी पाच गुण, पुरे.

गटबाजी होईल त्याचे काय?

होईल. केंद्रातही होते, शेरीत ती लवकर दिसते एवढाच फरक. संयोजक आपल्याच विद्यार्थ्यांचे सत्र भरतो, आपल्याच मित्राला आमंत्रित व्याख्यान देतो. यावर उपदेशाचा उपयोग नाही, नियमच लागतो. प्रत्येक सत्राला निदान दोन संयोजक, दोघे वेगळ्या संस्थांतले. शक्यतो एक चाळिशीच्या आतला. संयोजकाने स्वतःच्या सत्रात आमंत्रित व्याख्यान द्यायचे नाही. एका सत्रात एकाच प्रयोगशाळेची दोनपेक्षा जास्त व्याख्याने नाहीत. आपला विद्यार्थी, आपला मार्गदर्शक, आपल्या संस्थेतला सहकारी किंवा गेल्या तीन वर्षांतला सहलेखक यांचा सारांश तपासायला आला तर तो परत करायचा. आणि लागोपाठ दोन वर्षे संयोजक राहिलेल्याने तिसऱ्या वर्षी विश्रांती घ्यायची.

आणि भलतेसलते व्यासपीठावर आले तर?

जानेवारी २०१५ च्या मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर झालेल्या व्याख्यानाने केवढा गदारोळ झाला होता, ते अजून लोकांच्या लक्षात आहे. दारे जास्त उघडली की असे प्रकार वाढतील, ही भीती त्यातूनच येते. पण ते व्याख्यान कुठल्या आडोशाच्या खोलीत झाले नव्हते, अधिकृत कार्यक्रमातल्या परिसंवादात झाले होते. परिसंवादाला सन्माननीय वक्ते बोलावले जातात, त्यांचा सारांश कोणी तपासत नाही. भगदाड तिथे असते. म्हणून नियम एकच करावा: अध्यक्षीय भाषण सोडून बाकी प्रत्येक व्याख्यानाचा सारांश येईल, आणि तो विषयाबाहेरच्या निदान एकाने वाचलेला असेल. केंद्राकडे नकाराधिकार ठेवावा, पण वापरला तर कारण लिहून संयोजकाला द्यावे. कारण न देता वापरलेला नकाराधिकार म्हणजे जुनीच पद्धत, फक्त वळसा घालून.

ज्येष्ठांचा मान राखला जाणार का, हाही प्रश्न दबक्या आवाजात येतो. सकाळची तीन सर्वांसाठीची व्याख्याने आहेत, ती कार्यकारिणीकडेच ठेवा. एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते.

वेळापत्रक मात्र एकाच टेबलावर

सत्रे ठरली की ती तासांत बसवणे हे काम वाटून होत नाही. प्रत्येक संयोजकाला वेळ निवडू दिली तर सगळ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा हवे असतात. एका मोठ्या कागदावर प्रत्येक सत्रासाठी एक टिंब काढा. ज्या दोन सत्रांत तोच वक्ता, तोच सत्राध्यक्ष किंवा तोच श्रोतृवर्ग आहे, त्यांना रेघेने जोडा. रेघेने जोडलेली दोन सत्रे एका वेळी नकोत आणि एका वेळी पाचांपेक्षा जास्त सत्रे नकोत. श्रोतृवर्ग कळण्यासाठी नोंदणी अर्जातच ‘तुम्हाला नक्की ऐकायची आहेत अशी पाच सत्रे’ विचारावीत. ज्या टिंबाला सर्वांत जास्त रेघा, ते आधी बसवायचे. मोकळी टिंबे शेवटी आपोआप बसतात. उलट्या क्रमाने सुरुवात केली की शेवटची तीन सत्रे कुठेच मावत नाहीत आणि सगळा कागद पुन्हा काढावा लागतो.

एक नियम सत्राध्यक्षांच्या टेबलावर लिहून चिकटवावा. वक्ता आला नाही तर पुढचे व्याख्यान अलीकडे ओढायचे नाही. त्या पंधरा मिनिटांत आधीच्या व्याख्यानांवर चर्चा घ्यायची. चार वाजताचे व्याख्यान पावणेचारलाच सुरू केले, तर शेजारच्या सभागृहातून धावत आलेला श्रोता टाळ्या ऐकायला पोहोचतो.

तारखा कशा बांधायच्या?

परिषद डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असेल तर उलटे मोजत यावे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. मुंबई-दिल्ली मार्गावर बडोदे असले तरी गाड्या भरायला वेळ लागत नाही, आणि स्वीकृतीचे पत्र हातात असल्याशिवाय विद्यापीठ रजा आणि प्रवासखर्च मंजूर करत नाही. म्हणजे पत्रे सप्टेंबरअखेर गेलीच पाहिजेत. त्याआधी वेळापत्रकाला दोन आठवडे, वाटप आणि विलीनीकरणाला एक, परीक्षणाला तीन आणि हमखास उशीर करणाऱ्यांसाठी एक: सारांशांची शेवटची तारीख ऑगस्टचा पहिला आठवडा. सारांश मागवण्यापूर्वी सत्रांची यादी छापलेली हवी, म्हणून सत्रांच्या सूचना मार्चमध्ये मागवून एप्रिलअखेर निश्चित करायच्या. सूचनेच्या अर्जात शीर्षक, दोनशे शब्दांचे वर्णन, दोन संयोजकांची नावे आणि संभाव्य आमंत्रित वक्ता एवढेच. आठपेक्षा कमी सारांश आलेले सत्र शेजारच्या सत्रात मिसळले जाईल, हे त्याच अर्जावर छापा; नंतर सांगितले तर तो अपमान ठरतो.

परदेशी वक्त्यांचा पत्रव्यवहार मात्र संयोजकावर सोडू नये. कॉन्फरन्स व्हिसासाठी आयोजकांचे निमंत्रणपत्र लागते, ते संस्थेच्या सहीशिक्क्याचेच हवे. आणि परिषद जानेवारीत नेण्याचा विचार असेल तर १४ आणि १५ तारखा सोडा. उत्तरायणाला बडोद्यातला स्वयंसेवक गच्चीवर असतो, सभागृहात नाही.

पहिल्याच वर्षी सगळी ३० सत्रे खुली करू नयेत. राखीव सहा सत्रांपासून सुरुवात करावी, त्यांना किती माणसे बसली, कितींनी आयत्या वेळी दांडी मारली, परीक्षकांपैकी किती जणांनी वेळेत निकाल दिला हे लिहून ठेवावे. परीक्षकांनी तीन आठवड्यांत काम पुरे केले असेल तर दुसऱ्या वर्षी निम्मी सत्रे खुली करायला हरकत नाही. केले नसेल तर आधी परीक्षकांची यादी वाढवावी, सत्रांची नव्हे.